रिले उगाच पडत नाही : देहूरोडजवळच्या एका पॅनलमधून सापडलेला संशोधनाचा प्रश्न

"मॅडम, पीएचडीचा विषय कसा शोधायचा?" एम.टेक.च्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी मला हे सारखं विचारतात. बहुतेकांची सुरुवात ठरलेली असते. पन्नासेक पेपर डाउनलोड करायचे, त्यातला 'फ्यूचर स्कोप' वाचायचा आणि त्यातलंच काहीतरी उचलायचं. मीही तेच करत होते. पण माझा प्रश्न मला पेपरात सापडला नाही. तो सापडला रोज सकाळी आठ-सव्वाआठच्या सुमारास पडणाऱ्या एका रिलेमध्ये.

आज तो किस्सा सांगते आणि त्यातून संरक्षण रिलेचं मूळ गणितही समजावून सांगते. वही-पेन जवळ ठेवा, आकडेमोड सोपी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

देहूरोड म्हटलं की कोणाला कॅन्टोन्मेंट आणि ऑर्डनन्स डेपो आठवतो, कोणाला लोणावळा लोकल. आपल्यासारख्यांना आठवावं ते २२ केव्हीचं जाळं. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी वितरणाचा उच्चदाब ११ केव्ही असतो, पण पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण या पट्ट्यात २२ केव्ही जास्त दिसतो. सबस्टेशनमधून एक फीडर निघतो, त्यावर दहा-पंधरा कारखाने, दोन-चार सोसायट्या आणि गल्लीतल्या डीपी. एका ठिकाणी बिघाड झाला, तर फक्त तेवढाच तुकडा बाजूला काढायचा आणि बाकीच्यांची लाईट चालू ठेवायची, हे रिलेचं काम.

रिले स्वतः वीज तोडत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. सीटी करंट मोजून लहान करून देते, रिले त्यावरून निर्णय घेतो, बॅटरीतून ट्रिप कॉइलला डीसी पुरवठा जातो आणि मग ब्रेकर उघडतो. सीटी, वायरिंग, रिले, बॅटरी, ट्रिप कॉइल, ब्रेकर अशी ही साखळी आहे. एक कडी तुटली की बाकीच्या कितीही भारी असल्या तरी उपयोग शून्य.

एक साधं गणित

समजा, एका कारखान्यात १००० केव्हीएचा, २२ केव्ही ते ४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्याचा इम्पिडन्स ५ टक्के. २२ केव्ही बाजूचा फुल लोड करंट काढा : १००० भागिले (१.७३२ × २२), म्हणजे साधारण २६ अँपिअर. एलटी बसवर तिन्ही फेज शॉर्ट झाले, तर २२ केव्ही बाजूला २६.२ भागिले ०.०५, म्हणजे सुमारे ५२५ अँपिअर दिसतील.

आता कारखान्याच्या रिलेचा पिकअप ४० अँपिअर ठेवू आणि टीएमएस ०.१. सबस्टेशनच्या फीडर रिलेचा पिकअप ३०० अँपिअर, टीएमएस ०.२. दोन्हीकडे आयईसीचा नॉर्मल इन्व्हर्स वक्र. त्याचं सूत्र शब्दांत असं : फॉल्ट करंटला पिकअपने भागा, येणाऱ्या आकड्याचा ०.०२ घात घ्या, त्यातून १ वजा करा, जे उरेल त्याने ०.१४ ला भागा आणि शेवटी टीएमएसने गुणा.

५२५ अँपिअरसाठी कारखान्याचा रिले सुमारे ०.२७ सेकंदात पडतो. त्याच करंटला सबस्टेशनचा रिले पडायला सुमारे २.५ सेकंद लागतात. म्हणजे आपला बिघाड आपण निस्तरतो, शेजारच्यांची लाईट जात नाही. यालाच सिलेक्टिव्हिटी म्हणतात. हे दोन आकडे स्वतः काढून बघितल्याशिवाय पुढे वाचू नका. पीएचडीच्या मुलाखतीत सूत्र पाठ असलेले पुष्कळ येतात, पण आकडे घालून उत्तर काढलेले फार थोडे असतात.

आता तो किस्सा

एम.टेक.च्या काळात मी एका परवानाधारक ठेकेदाराच्या टेस्टिंग टीमबरोबर शिकायला जात असे. देहूरोड आणि तळवड्याच्या मधल्या पट्ट्यातल्या एका कारखान्यातून फोन आला. त्यांनी नवीन एचटी पॅनल बसवला होता आणि त्यातला अर्थ फॉल्ट रिले रोज सकाळी पहिली शिफ्ट सुरू झाली की पडत होता. आम्ही पोचलो तोवर त्यांनी स्वतःच 'उपाय' करून टाकला होता : अर्थ फॉल्टचं सेटिंग बंद. अकरा दिवस कारखाना तसाच चालला होता.

तिथले जुने वायरमन मामा म्हणाले, "मॅडम, रिले लई सेन्सिटिव्ह आहे. उगाच पडतो. बंद केल्यापासून बघा, काही त्रास नाही."

टीममधल्या एकाचा अंदाज होता, की ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना येणारा इनरश करंट असेल. ऐकायला बरोबर वाटतं. पण इनरश येतो चार्जिंगच्या क्षणी, आणि इथे ट्रान्सफॉर्मर रात्रभर चालूच असायचा. दुसरा अंदाज होता, की केबलमध्ये ओल गेली असेल. मेगर लावला, तर इन्सुलेशन उत्तम निघालं. रिले खराब असेल म्हणावं, तर सेकंडरी इंजेक्शनचा रिपोर्ट फाईलला लावलेला होता आणि त्यावर सगळीकडे 'ओके' लिहिलेलं होतं.

मामांना मी एकच विचारलं, "एखाद्या दिवशी पडलाच नाही, असं झालं का?" ते म्हणाले, "गुरुवारी नाही पडायचा. गुरुवारी सुट्टी असते ना."

म्हणजे ट्रिपचं नातं लोडशी होतं. पण अर्थ फॉल्ट रिलेचं लोडशी काय नातं? तिन्ही फेजचे करंट सारखे असले तर त्यांची सदिश बेरीज शून्य येते. लोड कितीही वाढलं तरी शून्यच यायला हवं.

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर रिलेच्या डिस्प्लेवर आकडे वाचले. आर फेज ४ अँपिअर, वाय फेज ४, बी फेज ४. न्यूट्रल ८.

थांबा आणि विचार करा. न्यूट्रल बरोबर दुप्पट का?

एक सीटी उलटी जोडलेली होती. एस-१ च्या जागी एस-२. मग बेरीज आर अधिक वाय अधिक बी अशी राहत नाही, ती आर अधिक वाय वजा बी अशी होते. आर अधिक वाय म्हणजे वजा बी, त्यातून आणखी एक बी वजा झाला. उत्तर वजा दोन बी, म्हणजे लोडच्या दुप्पट. सीटी ५०/१ ची होती आणि अर्थ फॉल्टचं सेटिंग २० टक्के, म्हणजे १० अँपिअर. त्यामुळे लोड ५ अँपिअरच्या वर गेला, की रिलेला अर्थ फॉल्ट दिसायचा. २२ केव्हीला ५ अँपिअर म्हणजे साधारण १९० केव्हीए. रात्रीचे दिवे आणि एक कॉम्प्रेसर त्याच्या आत बसायचे. सकाळी प्रेस चालू झाले, की ओलांडायचे.

ओव्हरकरंट का पडत नव्हता? कारण तो फक्त करंट किती आहे ते बघतो, दिशा बघत नाही. टेस्ट रिपोर्ट 'ओके' का होता? कारण सेकंडरी इंजेक्शनमध्ये टेस्ट किटचा करंट थेट रिलेत सोडतात. सीटी त्या परीक्षेत बसलेलीच नव्हती. चूक होती सीटीत आणि परीक्षा झाली रिलेची.

मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं : ज्याच्यावर शंका आहे, ते आपल्या चाचणीच्या आत आहे का, हे आधी तपासायचं. हे वाक्य पुढे सिम्युलेशन करताना मला रिलेपेक्षाही जास्त उपयोगी पडलं.

अकरा दिवसांत काय होऊ शकलं असतं?

समजा, त्या अकरा दिवसांत पावसात बाहेरच्या केबलला जेसीबीचा दात लागला असता आणि ओल्या मातीतून ३० अँपिअरचा करंट जमिनीत गेला असता. कारखान्याचा ओव्हरकरंट पिकअप ४० अँपिअर, त्याला ते दिसलंच नसतं. अर्थ फॉल्ट बंद. सबस्टेशनच्या अर्थ फॉल्ट रिलेचं सेटिंग ६० अँपिअर धरलं, तर त्यालाही दिसलं नसतं. म्हणजे केबल जळत राहणार, आजूबाजूची जमीन जिवंत होणार आणि कोणीही ट्रिप होणार नाही. तिथून चालत जाणाऱ्या माणसाच्या दोन पावलांमध्येच धोकादायक व्होल्टेज येऊ शकतं.

मामांना हे कागदावर काढून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आम्हाला सांगितलं होतं, प्रॉडक्शन थांबता कामा नये." त्यांना दोष देऊन मोकळं होता येत नाही. ट्रिप झाली की नुकसान लगेच डोळ्यांना दिसतं. टळलेला अपघात कोणाला दिसत नाही.

तीन खऱ्या घटना

रिलेकडून आपण दोन गोष्टी मागतो. पडायला हवं तेव्हा नक्की पडावं, आणि पडायला नको तेव्हा पडू नये. पुस्तकात पहिलीला डिपेंडेबिलिटी आणि दुसरीला सिक्युरिटी म्हणतात. एक वाढवली, की दुसरी सहसा कमी होते.

३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताचा ग्रिड कोसळला. सुरुवात झाली ४०० केव्हीच्या बिना-ग्वाल्हेर लाईनवरून. चौकशी अहवाल सांगतो, की त्या लाईनवर फॉल्ट नव्हताच. लोड प्रचंड होता, व्होल्टेज खाली आलेलं होतं आणि डिस्टन्स रिलेच्या झोन-३ ला ते दूरच्या फॉल्टसारखं दिसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं आणि उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन ग्रिड गेले. सुमारे ६० कोटी लोक राहतात तो भाग अंधारात. आपला पश्चिम विभाग त्यातून वाचला. रिलेने सांगितलं तेच केलं होतं, पण सांगणं त्या दिवसाच्या परिस्थितीला लागू पडत नव्हतं.

दुसरी घटना आपल्या भागातली. ९ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे लोणीकंद आणि चाकणच्या ४०० केव्ही वाहिन्या ट्रिप झाल्या. दाट धुकं आणि दव यांमुळे हे झालं, असं तेव्हा सांगण्यात आलं. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण एमआयडीसीच्या मोठ्या भागात सकाळी लाईट नव्हती. इन्सुलेटरवर धूळ साचलेली असते, तिच्यावर दव पडलं की पृष्ठभागावरून ठिणगी उडते. असा फ्लॅशओव्हर झाला, की रिलेने पडायलाच हवं. पण एकाच वेळी अनेक वाहिन्या गेल्या, तर प्रत्येक रिले बरोबर असूनही शहर बंद पडतं.

तिसरी घटना सांगताना हात जड होतो. सप्टेंबर २०२० मध्ये भोसरीच्या इंद्रायणीनगरमध्ये घराजवळच्या रोहित्राचा स्फोट होऊन एकाच कुटुंबातल्या तिघांचा जीव गेला. त्यात एक तान्हं बाळ होतं. तिथे नेमकं काय चुकलं, हे ठरवणं चौकशीचं काम आहे. आपण फक्त तांत्रिक बाजू बघू. गल्लीतल्या बहुतेक डीपींवर रिले नसतोच. २२ केव्ही बाजूला फ्यूज असतो. आतल्या वाइंडिंगमध्ये थोड्या वेढ्यांत बिघाड सुरू झाला, तर बाहेरून येणारा करंट फारसा वाढत नाही आणि फ्यूजला तो कळत नाही. आत मात्र तेल तापत असतं आणि वायू साठत असतो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर यासाठी बुखोल्झ रिले असतो. छोट्या डीपीवर स्वस्तात काय बसवता येईल? हा प्रश्न अजून उघडा आहे, आणि तो आपल्या घरापासून वीस फुटांवर आहे.

माझा प्रश्न इथून कसा निघाला

पुन्हा आपल्या गणिताकडे या. कारखान्याच्या गेटपाशी २२ केव्ही बाजूलाच फॉल्ट झाला आणि करंट ३००० अँपिअर आहे, असं धरा. कारखान्याचा इन्स्टंटेनियस रिले आणि ब्रेकर मिळून ०.१ सेकंदात काम संपवतात. ते चुकले तर फीडर रिले ०.६ सेकंदाला. तोही चुकला तर सबस्टेशनचा इनकमर आणखी ०.३ सेकंद थांबून, म्हणजे ०.९ ला. ब्रेकरचा वेळ धरून ०.९५.

आता गंमत बघा. सोर्सच्या जितकं जवळ जाल तितका फॉल्ट करंट मोठा, आणि तिथल्याच रिलेला सगळ्यांत जास्त थांबायला सांगितलेलं. सबस्टेशनच्या बसवर आर्क झाला, तर इनकमर फीडर रिलेची वाट बघत बसतो. पण फॉल्ट फीडरवर नाहीच, मग फीडर रिले काय करणार? आर्कची उष्णता ढोबळमानाने वेळेच्या प्रमाणात वाढते. ०.१ च्या जागी ०.९५ सेकंद म्हणजे साडेनऊ पट. पॅनलसमोर उभ्या असलेल्या ऑपरेटरसाठी हा फरक जीवन-मरणाचा असतो.

यावर एक छान उपाय आहे. फीडर रिलेला फॉल्ट दिसला, की त्याने इनकमरला 'थांब' असा सिग्नल द्यायचा. कोणाकडूनच 'थांब' आलं नाही, तर फॉल्ट बसवर आहे असं समजून इनकमरने ०.१ सेकंदातच पडायचं. हा सिग्नल तांब्याच्या तारेने देता येतो किंवा आयईसी ६१८५० मधल्या गूस मेसेजने.

आता या चित्रात कारखान्यांच्या छपरावरचे सोलर पॅनल घाला. बसवर फॉल्ट झाला, की फीडरवरचे इन्व्हर्टर उलट्या दिशेने करंट देणार. इन्व्हर्टर साधारण रेटिंगच्या १.२ पट करंट देतो असं धरू. एका फीडरवर ४ मेगावॉट सोलर असेल, तर उलटा करंट सुमारे १२६ अँपिअर. पिकअप ३०० चा आहे, म्हणजे काळजी नाही. १० मेगावॉट झालं, तर सुमारे ३१५ अँपिअर. फीडर रिले चुकून 'थांब' म्हणणार, इनकमर थांबणार आणि आर्क जळत राहणार. दिशा ओळखणारा रिले लावावा म्हणाल, तर इन्व्हर्टरचा फॉल्ट करंट जनरेटरसारखा वागत नाही. त्याच्या कंट्रोलमध्ये जे लिहिलंय तसा तो वागतो, आणि जुना दिशादर्शक रिले तिथे गोंधळू शकतो.

माझी पीएचडी या एका परिच्छेदावर उभी आहे. मुळाशी तोच उलट्या सीटीचा प्रश्न आहे : रिलेला जे दिसतं, ते खरं आहे का?

बसवताना झालेली चूक सेटिंगने सुधारत नाही

संशोधनाकडे वळणाऱ्यांना पॅनल बसवण्याचं काम 'साईटवाल्यांचं' वाटतं. तसं समजू नका. साईटवर गेलात तर निदान एवढं बघा :

१. सीटीची सेकंडरी चालू लाईनवर कधीही उघडू नका. करंटला वाट मिळाली नाही, की टोकांवर हजारो व्होल्ट येऊ शकतात. आधी शॉर्टिंग लिंक लावा, मग रिले काढा.

२. प्राथमिक बाजूने करंट सोडून एकदा तरी पूर्ण साखळी तपासा. निदान लोड आल्यावर तिन्ही फेज आणि न्यूट्रलचे आकडे वाचा. आमच्या किश्शात हे दोन मिनिटांचं काम पहिल्या दिवशीच झालं असतं, तर अकरा दिवस वाचले असते.

३. ट्रिपचा डीसी पुरवठा बघा. चार्जर बंद आणि बॅटरी उतरलेली असेल, तर रिले निर्णय घेईल, पण ब्रेकर जागचा हलणार नाही. रिलेचा दिवा लागतो म्हणजे ट्रिप होईल, असं नाही.

४. काम करण्याआधी : बंद करा, आयसोलेट करा, कुलूप लावा, व्होल्टेज नाही हे टेस्टरने खात्री करा, डिस्चार्ज करून अर्थ करा. क्रम बदलायचा नाही. आम्ही ती सीटी याच क्रमाने सुधारली. त्यानंतर न्यूट्रलचा आकडा जवळपास शून्य आला आणि अर्थ फॉल्ट पुन्हा चालू केला.

५. कायद्याची बाजू वाचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेबाबतचे २०२३ चे विनियम आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३. उच्चदाबाची नवी यंत्रणा चार्ज करण्याआधी विद्युत निरीक्षकांची परवानगी का लागते, हे ते वाचल्यावर कळतं.

तयारी कुठून करायची?

पुस्तक एकच घ्यायचं असेल, तर पैठणकर आणि भिडे यांचं पॉवर सिस्टिम प्रोटेक्शनवरचं घ्या. भाषा इंग्रजी, पण आकृत्या इतक्या नीट, की समोर बसून शिकवल्यासारखं वाटतं. आयआयटी मुंबईचे प्रा. सोमण यांची याच विषयावरची एनपीटेलची व्याख्यानं मोफत आहेत. आणि अरुण फडके यांचं काम नक्की वाचा. १९७७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर संगणकावर चालणाऱ्या डिस्टन्स रिलेची सिमेट्रिकल कंपोनंटवर आधारलेली पद्धत मांडली. त्याच वाटेने पुढे १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये पहिलं पीएमयू तयार झालं. रिले जलद करायच्या खटपटीतून अख्ख्या ग्रिडवर नजर ठेवण्याचं साधन निघालं. छोट्या प्रश्नाला कमी लेखू नका, एवढ्यासाठी हे सांगितलं.

शेवटी एक गृहपाठ. तुमच्या कॉलेजच्या एचटी पॅनलपाशी जा. जबाबदार माणसाला सोबत घ्या आणि कशालाही हात लावू नका. रिलेच्या डिस्प्लेवरचे चार आकडे लिहून आणा : तीन फेज आणि न्यूट्रल. मग इव्हेंट रेकॉर्डमधल्या शेवटच्या पाच ट्रिप बघा आणि प्रत्येकीचं कारण कोणी शोधलं होतं का, ते विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळेल, "रीसेट केला, चालू झालं."

तिथे थांबू नका. त्या पाचातली एक निवडा आणि कारण सापडेपर्यंत सोडू नका. काय सापडलं ते मला जरूर कळवा.